दुखणं पिणारा दगड

"पाणी बघा, पाणी! माझ्या तोंडाकडं काय बघता? मी हमाल हाय. दगड देवाचा न् दुखणं तुमचं!"

पाषाणनाथ महाराजांची आरोळी उठली आणि बुरूजपाखाडीच्या कबड्डीच्या मैदानावर जमलेली शंभर-दीडशे माणसं टाचा उंचावून पुढे झुकली. मधोमध घोंगडीवर दयाराम पालथे पडले होते. वय चौसष्ट, अंगात बनियन, चड्डी गुडघ्यावर सरकवलेली आणि दोन्ही पोटऱ्यांवर पिवळाधमक लेप. महाराज नारळाएवढा काळा गुळगुळीत दगड त्या पोटऱ्यांवरून लाटण्यासारखा फिरवत होते आणि तोंडाचा पट्टा त्याहून वेगाने.

"शरीर म्हंजे काय? होडी! जुनी होडी पाणी घेणारच. डॉक्टर काय करतो? होडीला वरून रंग लावतो. हा दगड पाणी उपसतो! सातशे वर्षं समुद्राच्या तळाशी तप केलंय यानं. जपानची माणसं आलेली मागायला. मी म्हटलं, तुमच्याकडं भूकंप हायत तेवढे पुरे."

लोक हसले. भक्तीत थोडा विनोद कालवला की ती लवकर पचते, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं.

मग त्यांनी तो दगड पितळी घंगाळात बुडवला. पाणी नितळ, तळ दिसेल असं. क्षणभर काहीच झालं नाही. आणि मग दगडाभोवती लाल धार सुटली, पसरली, आणि बघता बघता अख्खं घंगाळ लालेलाल.

"निघालं! रक्तात मुरलेलं दुखणं निघालं!"

बायांनी हात जोडले. दयाराम उठले आणि त्यांनी सगळ्यांसमोर दहा बैठका मारल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. जाताना महाराजांनी दर आठवड्याप्रमाणे त्यांच्या हातात सात पुड्या ठेवल्या. "भस्म. रोज सकाळी एक, कोमट पाण्यासंगं. दगडानं सैल केलेलं दुखणं परत धरू नये म्हणून."

गर्दीच्या कडेला स्कूटी टेकवून उभी असलेली दयारामांची मुलगी सुचिता ओठ दाबून हसत होती. तिला रसायनशास्त्राची पदवी घेऊन वर्ष झालं होतं. पण हा प्रयोग तर शाळेतला. पिवळा लेप म्हणजे हळद. घंगाळातलं नितळ पाणी म्हणजे चुन्याची निवळी. हळद चुन्याला भेटली की लाल होते. सातशे वर्षांचं तप पाच मिनिटांत होण्यासारखं होतं.

रात्री जेवताना तिने ते बापाला सांगितलंही.

"असेल," दयाराम म्हणाले. ते पाचवी भाकरी मोडत होते. "रंग हळदीचा असेल न्हायतर मिरचीचा. मला काय रंगाशी देणंघेणं? सकाळी उकिडवा बसून मी दोन टोपल्या सुपारी सोलली. महिन्यापूर्वी ओटीची पायरी मी आडवा होऊन उतरत होतो, ते तूच बघितलंस ना?"

तिने बघितलं होतं. तिने सहावी भाकरी त्यांच्या ताटात वाढली.

बुरूजपाखाडीला कबड्डी हा खेळ नव्हता, आब होता. चौलच्या जत्रेत साठी पार केलेल्यांचे सामने सुरू झाल्यापासून गावातल्या बारा म्हाताऱ्यांनी पुन्हा लंगोट कसला होता. दयाराम कर्णधार. जागा सात, माणसं बारा. आणि नियम तोच, जो ते विशीत असताना होता: रोज सराव, एक दिवस चुकला की सातातून बाहेर. दुखतं म्हणायचं नाही. जो दुखतं म्हणाला, तो म्हातारा झाला.

विशीतल्या स्नायूला जी डागडुजी एका रात्रीत जमते, तिला साठीनंतर दोन-दोन, तीन-तीन दिवस लागतात. हे काही रहस्य नाही, जुन्या घराची दुरुस्ती नव्या घरापेक्षा सावकाश चालते तसंच. पण बुरूजपाखाडीत तेवढे दिवस मागणं म्हणजे हार मानणं होतं. महाराज नेमके या फटीतून गावात शिरले.

सुचिताने स्वतःपुरतं उत्तर काढलं. मेहनतीनंतरचं अंगदुखणं दुसऱ्या दिवशी चढतं आणि तिसऱ्या दिवसापासून आपोआप उतरतं. उतरणाऱ्याचं श्रेय दगड घेतो. शिवाय मनाचा विश्वास. झालं. एक गोष्ट मात्र या उत्तरात बसत नव्हती: बाबा दुसऱ्याच दिवशी टुणटुणीत असायचे. ही एक नोंद तिने बाजूला सारली. अर्धं उत्तर हाती लागलं की कुतूहल कसं पेंगुळतं, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

सुचिता रेवदंड्याच्या रस्त्यावर अल्पेशभाईंच्या औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळायची. भिंतीवर परवाना दुसऱ्याच कुणाचा टांगलेला, तो माणूस महिन्यातून एकदा चहाला यायचा. दर मंगळवारी केसर नावाची एक बाई यायची. चापूनचोपून नेसलेली, बोलायला गोड. दर वेळी तिला डेक्सामेथासोनच्या गोळ्यांच्या तीस पट्ट्या हव्या असायच्या.

"डॉक्टरची चिठ्ठी?" सुचिताने पहिल्याच मंगळवारी विचारलं होतं.

"माणगावला आमचा वृद्धाश्रम हाय गो बाय. दम्याची म्हातारी माणसं. ही बघ." केसरने मोबाइलवर एका चुरगळलेल्या चिठ्ठीचा फोटो दाखवला. तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

सुचिताने अल्पेशभाईंकडे पाहिलं. ते हिशेबाच्या वहीतून मान न उचलता म्हणाले, "आपी दे ने, बेन. देऊन टाक. ओळखीची बाई आहे. पुण्याचं काम आहे."

तिने दिल्या. पुढच्या मंगळवारी विचारलंही नाही. असे तेरा मंगळवार गेले.

जत्रा आठ दिवसांवर आली असताना सरावात सदाकाका पडले. सदाकाका दयारामांचे शेजारी आणि संघातले सगळ्यात चपळ गडी. चढाईला निघाले, पाऊल रोवलं आणि काठी मोडल्यासारखा आवाज झाला. "मागून कुणी लाथ मारली रे?" असं ओरडत ते वळले, तर मागे कुणीच नव्हतं. पाय घोट्यातून लुळा लोंबत होता.

अलिबागच्या दवाखान्यात सुचिता त्यांच्यासोबत गेली. डॉ. प्राप्तींनी पाय तपासला, पोटरी टाचेला बांधणारी मागची जाड शीर तुटली होती. मग त्या सदाकाकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. गोल, टम्म, गाल लालसर.

"चेहरा आधीपासून असाच?"

"न्हाय बाय," सदाकाका कण्हत म्हणाले. "महाराजांचं तेज चढलंय. आमच्या बाराही जणांच्या तोंडावर हाय."

रक्तातली साखर चारशे साठ निघाली. डॉक्टरांनी सुचिताला बाजूला घेतलं. "हे तेज नाही, सूज आहे. हे गृहस्थ कित्येक आठवडे स्टिरॉइड घेताहेत. दुखणं थांबतं, भूक भडकते, अंगात उसनं बळ येतं. आणि आतून शिरा कमकुवत होतात. काय घेतात हे?"

"भस्म," सुचिता म्हणाली.

"त्या भस्मात डेक्सामेथासोन असणार. स्वस्त असतं, चव कशातही लपते."

ते नाव सुचिता तेरा मंगळवार काउंटरवर ऐकत आली होती.

"आणखी एक," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीच्यांना घाबरवून एकदम बंद करायला लावू नका. बाहेरून इतके दिवस मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं. अचानक तोडलं तर माणूस कोसळू शकतो. हळूहळू उतरवावं लागेल, आणि त्यासाठी मला प्रत्येकाची मात्रा कळायला हवी. ती कोण सांगणार? तो महाराज?"

मात्रा सांगू शकणारं माणूस त्यांच्यासमोरच उभं होतं. तीस पट्ट्या, दहा-दहाच्या. आठवड्याला तीनशे गोळ्या. बारा माणसं, सात दिवस. माणशी रोज साडेतीन. भागाकार तिच्या डोक्यात आपोआप झाला, आणि ती सदाकाकांचे कागद गोळा करू लागली.

परतताना ती महाराज उतरले होते त्या घराच्या मागल्या परसात गेली. पालापाचोळा जाळलेल्या राखेत अर्धवट जळलेल्या पट्ट्यांची चांदी चमकत होती. एका तुकड्यावर बॅच नंबर शाबूत होता. घराच्या मागच्या पडवीतून मिक्सरचा आवाज येत होता आणि दाराच्या फटीतून केसरची पाठ दिसत होती. दुकानात जाऊन तिने फळीवरच्या खोक्याशी नंबर ताडून पाहिला. तोच.

घरी आली तेव्हा दयाराम आरशासमोर मिशी कातरत होते. आई, सगुणाबाई, कौतुकाने म्हणत होत्या, "बघ गो, दहा वर्षांनी तरणे दिसतात की न्हाय तुझे बाबा?"

बाबांचे गाल गोल झाले होते. महिनाभर ते तिलाही छान वाटत होतं.

ती बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. एकदम बंद करायचं नाही असं डॉक्टरांनीच सांगितलंय, असं ती मनाला समजावत होती. ते खरंच होतं. पण ती त्या खऱ्याच्या आड लपली होती. सकाळी उठून तीच कोमट पाणी करायची, बाबा पुडी उघडायचे, आणि ती पेल्याकडे न बघता तो त्यांच्या हातात द्यायची.

चौथ्या दिवशी तिला वाट सुचली, अशी वाट जिच्यात तिचं नाव कुठेच येणार नव्हतं. दगडाचं सोंग चव्हाट्यावर उघडं पाडायचं. दगड गेला की महाराज जातील, महाराज गेले की पुड्या जातील. तिने डॉ. प्राप्तींना संध्याकाळी मैदानावर बोलावलं, "सगळ्यांची साखर तपासायला."

मैदान भरलं होतं. सदाकाका पडले ते त्यांनी भस्म चुकवलं म्हणून, असं महाराजांनी आधीच पसरवून ठेवलं होतं. ते लेपाची वाटी कालवत असतानाच सुचिता मध्ये आली. एका हातात घरचा वरवंटा, दुसऱ्यात चुन्याच्या निवळीचं पातेलं.

"महाराज, आमच्या वरवंट्यानंही तप केलंय. वीस वर्षं आईच्या चटण्या वाटल्यात. त्याला एक संधी द्या."

हशा पिकला. महाराजही हसले, कारण अजून त्यांना काही कळलं नव्हतं. सुचिताने त्यांच्याच वाटीतला लेप उचलला आणि स्वतःच्या हाताला फासला. वरवंटा त्यावरून फिरवला आणि पातेल्यात बुडवला. पाणी लाल झालं.

"अगो बाय!" गर्दीतून सगुणाबाईच ओरडल्या. "हे तर हळद न् चुना! माझी आजी असंच कुंकू करायची!"

"माझा हात अजिबात दुखत नव्हता," सुचिता म्हणाली. "तरी दुखणं निघालं. आता हे बघा." तिने तो वरवंटा धुतला, पातेल्यात बाटलीतली ताजी निवळी ओतली, लेप मैदानाच्या खांबाला फासला, वरवंटा फिरवून पुन्हा बुडवला. लाल. "खांबालाही संधिवात आहे म्हणायचा."

मैदान खदखदून हसलं. महाराज मात्र मुरलेला माणूस. त्यांनी हसू ओसरू दिलं आणि आवाज खाली आणला.

"बरं पोरी, दगड खोटा. चल, फेकला." त्यांनी दगड खरोखर मातीत टाकला. "आता आराम खोटा हाय का ते सांग. माझ्याकडं न्हाय, तुझ्या बापाकडं बघून सांग. दयाराम, तुझं दुखणं थांबलं की न्हाय?"

दयाराम उठून उभे राहिले. लेकीकडे पाहून त्यांना वाईट वाटत होतं, पण ते खोटं बोलणारे नव्हते.

"थांबलं," ते म्हणाले. "सुचू, आराम खरा हाय."

"व्हय, खरा हाय!" बाकीचे म्हणाले. आणि सगळं मैदान क्षणात फिरलं. "शिकली म्हंजे काय देवाच्या वर गेली?" "अनुभव हाय आमचा!" कुणीतरी वरवंट्याला लाथ मारली.

सुचिताला तेव्हा कळलं की तिने आणलेलं सत्य अर्धंच होतं, आणि उरलेल्या अर्ध्यावर महाराज ऐसपैस बसले होते.

"आराम खरा आहे," ती म्हणाली. "कारण भस्मात औषध आहे. कडक औषध. दगड तुमचं लक्ष धरायला होता, काम पुडी करत होती. त्या औषधानं दुखणं बरं होत नाही, फक्त त्याचं तोंड दाबलं जातं. आत स्नायू फाटत राहतो, शीर झिजत राहते, आणि तुम्हाला कळत नाही म्हणून तुम्ही रोज खेळता. सदाकाकांची शीर अशीच तुटली. तुमच्या तोंडावरचं तेज म्हणजे त्याच गोळ्यांची सूज आहे."

"काय पुरावा?" महाराज गरजले. "कुणी बघितलं?"

तिने खिशातून जळकी पट्टी काढली. "ही तुमच्या परसातल्या राखेत मिळाली. नंबर आमच्या दुकानातल्या खोक्याचा आहे. केसरबाई दर मंगळवारी तीस पट्ट्या न्यायच्या." तिने पट्टी बापापुढे धरली. मग म्हणाली, "त्या मी दिल्या. चिठ्ठी नसताना. तेरा आठवडे."

गर्दीतून केसर महाराजांच्या घराकडे लगबगीने चालू लागली, तशा दोन बायांनी तिचा दंड धरला.

दयाराम लेकीच्या समोर आले. "तुला हे कधी समजलं?"

"चार दिवस झाले."

"न् चार दिवस मी पुडी घेतच होतो?"

"हो."

"पाणी तूच तापवून देत होतीस."

"हो, बाबा."

त्यांनी हात उगारला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी तिच्या हातातली जळकी पट्टी घेतली. मग सावकाश वळले आणि आपल्या उरलेल्या दहा म्हाताऱ्यांकडे तोंड करून म्हणाले, "सदा तीन महिन्यांपूर्वी माझ्याकडं आलेला. टाच ठणकते म्हणाला. दोन दिवस सुट्टी दे म्हणाला. मी म्हटलं, सुट्टी न्हाय, महाराजांकडं जा." त्यांनी लेकीकडे बोट केलं. "पोरीनं गोळ्या दिल्या. धाडलं मी."

डॉ. प्राप्ती पुढे आल्या. त्यांनी सुचिताकडे रागाने पाहिलं, तो राग लपवला नाही, आणि मग वही उघडून तीस पट्ट्यांचा बारा जणांत भागाकार मांडला. "माणशी रोज साडेतीन गोळ्या, बरोबर? हे तू चार दिवसांपूर्वी सांगायचं होतंस. या, सगळ्यांनी एका रांगेत बसा. घाबरू नका. पुड्या बंद होतील, त्यांच्या जागी मी मोजून गोळी देईन आणि ती दर आठवड्याला कमी करत नेऊ. मला खरं सांगा, कुणाला कुठे दुखतं?"

रांग बसली, पण तोंड कुणी उघडेना. चाळीस वर्षांची सवय ती.

"माझा डावा गुडघा दुखतो," दयाराम म्हणाले. "गेल्या पावसाळ्यापासून."

शेजारचे भागोजी खाकरले. "माझी कंबर."

"मला खांदा वर न्हाय करता येत," तिसरा म्हणाला आणि स्वतःच दचकला.

महाराज या गडबडीत सटकले. दोन दिवसांनी माणगावच्या स्टँडवर पोलिसांना सापडले, तेव्हा पिशवीत दुसऱ्या गावासाठी नवा दगड होता. सुचिताने औषध खात्याच्या कचेरीत जाऊन स्वतःचं नाव घालून जबाब दिला. अल्पेशभाईंच्या दुकानाला कुलूप लागलं, तिची नोकरी गेली, आणि तिच्यावर काय कारवाई व्हायची ते अजून ठरायचंय.

जत्रेत बुरूजपाखाडीचा संघ उतरला नाही. त्यांच्यासमोर खेळणारा काशीदचा संघ न खेळताच पुढे गेला. त्या दुपारी बाप-लेक अलिबागला सदाकाकांकडे गेले. पाय प्लास्टरमध्ये, चेहरा अजून तसाच गोल. सुचिताने त्यांना सगळं सांगितलं, काही न वगळता.



"मी न्हाय विचारलं पुडीत काय हाय ते," सदाकाका म्हणाले. "मी चौथी नापास. मला वाटलं, विचारलं तर देव रागावेल. पण सुचू, तू तर शिकलेली. तू त्या बाईला का न्हाय विचारलंस?"

सुचिताने त्यांच्या प्लास्टरखालची उशी नीट केली.

आता बुरूजपाखाडीत सराव एक दिवसाआड होतो, आणि ज्याचं अंग दुखत असेल त्याने तिसऱ्या दिवशी यायचं. सुट्टी घेणाऱ्याची जागा जात नाही. मधल्या दिवशी म्हातारे वाळूवरून रमतगमत चालतात, झोप पुरी करतात, ताटात डाळ नाहीतर मासे वाढून घेतात आणि एकमेकांना विचारतात, कुठं दुखतंय? यात चमत्कार काहीच नाही, म्हणून बघायला गर्दी जमत नाही.

पुन्हा सराव सुरू झाला त्या पहिल्या संध्याकाळी दयारामांनी सुचिताला मैदानावर बोलावलं. "चार शब्द बोल," म्हणाले. तिला नको होतं. तरी ती उभी राहिली.

"मी सांगते म्हणून ऐकू नका," ती म्हणाली. "माझं ऐकण्यासारखं मी काही केलेलं नाही. दुखणं हे शरीराचं बोलणं आहे, ते ऐका. आणि कुणीही काही खायला दिलं, की विचारा. भगव्या कफनीतला असो, पांढऱ्या कोटातला असो, काउंटरमागची ओळखीची पोरगी असो. यात काय आहे, किती आहे, कशासाठी आहे? जो या प्रश्नावर चिडेल, त्याची पुडी परत द्या."

"न् न चिडता उत्तर दिलं तर?" भागोजींनी विचारलं.

"तर ते उत्तर खरं आहे का, ते दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या."